मळ नव्हे, खूण



रत्नागिरीतल्या आमच्या बैठकांत आरोग्याचा विषय निघाला की अंगावरून जाणे, रक्त कमी असणे, कुपोषण यांवर बोलणे होते. आता मुलांच्या यकृतावर साठणाऱ्या चरबीचा, म्हणजे फॅटी लिव्हरचा प्रश्नही घ्यायला हवा, असे मला वाटते. दारूचा थेंबही न घेतलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा आजार होतो. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत लठ्ठ मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत तो आढळला आहे.

बहुधा तो दुखतखुपत नाही. पण अशा पुष्कळ मुलांच्या मानेमागे, काखेत कातडी काळी, जाडसर झालेली असते. आपण मुलीला 'नीट आंघोळ कर' म्हणून रागावतो, मान घासून लाल करतो. तो मळ नव्हे. शरीरात इन्शुलिनचे काम बिघडल्याची ती खूण आहे.

मग सगळे म्हणतात, 'आईने लाड केले.' डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली सुरू केलेल्या अभ्यासात दिसले की, आपली बाळे जन्मतः वजनाने कमी, पण अंगातल्या चरबीने तुलनेने जास्त असतात. म्हणजे आईच्या पोटात असल्यापासूनची ही गोष्ट आहे. गरोदर बाईच्या ताटात काय पडते, हे कोण ठरवते? शाळेच्या दारात पाच रुपयांची पुडी कोण विकते? पाळी आली की मुलीचे मैदान कोण बंद करते?

वेळीच कळले तर ही चरबी कमी होऊ शकते. त्यासाठी मुलीला अर्धपोटी ठेवू नका. 'जाडीला स्थळ मिळणार नाही' असे टोमणे तर नकोतच. गोड सरबते, बाटल्या बंद करून घरातल्या सगळ्यांनीच नाचणीची भाकरी, कुळीथ, भाजी, मासे खावेत. मुलींना रोज तासभर खेळू द्यावे.

पण एकट्या घराने हे भागणार नाही. शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्या पथकाने वजनाबरोबर मानही पाहावी आणि गरज असेल त्या मुलांची रक्ततपासणी, सोनोग्राफी सरकारी दवाखान्यात मोफत व्हावी, ही मागणी आपण ग्रामसभेत मांडू या.

तुमच्या गावातल्या शाळेपुढचे ५० मीटर मोजा, काय दिसले ते आम्हाला लिहा. पुढच्या अंकात छापू.