घडा पालथा नाही

‘पालथ्या घड्यावर पाणी’ ही म्हण आपल्या शाळांत वरचेवर ऐकू येते. ती खरी की खोटी, हे मात्र सहसा कोणी तपासून पाहत नाही. बीजगणितातले एखादे उदाहरण दोनदा समजावूनही विद्यार्थ्याला उमगले नाही, की ही म्हण त्याला चिकटवली जाते. काही दिवसांनी तोच स्वतःविषयी म्हणू लागतो, “गणित माझ्या डोक्यात शिरतच नाही.” हे तो अशा सुरात सांगतो, की जणू आपला रक्तगटच सांगत आहे! रक्तगट जन्मतः ठरतो, हे खरे. पण गणित येणे वा न येणे ही त्याच जातीची गोष्ट आहे काय? माझ्या मते नाही. हे मत केवळ धीर देण्यासाठी मी मांडत नाही. त्याला प्रयोगांचा आधार आहे.

प्रथम बुद्धिमापनाकडे पाहू. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने थिओडोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली मुलांच्या बुद्धीची एक चाचणी तयार केली. आज आपण ज्याला बुद्ध्यंक म्हणतो, त्याचा उगम या चाचणीत आहे. मुलांवर शिक्के मारण्यासाठी ती नव्हती. शाळेत कोणाला जादा मदत लागेल, हे वेळीच कळावे, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही कायमची ठरलेली असते आणि ती वाढवता येत नाही, या समजुतीला बिने यांनी १९०९ साली आपल्या पुस्तकात कडाडून विरोध केला. म्हणजे ज्याने मोजपट्टी तयार केली, त्यानेच बजावले होते की, आजची उंची ही कायमची उंची नव्हे.

बिने यांच्याजवळ मेंदूच्या आत डोकावण्याचे साधन नव्हते. ते पुढे एम.आर.आय. तंत्राने मिळाले. लंडन शहरात टॅक्सीचालकाचा परवाना मिळवायचा, तर शहराच्या मध्यापासून सुमारे १० किलोमीटरच्या परिसरातील जवळजवळ २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात. या परीक्षेच्या तयारीला तीन-चार वर्षे सहज लागतात. एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा अनुभवी चालकांचे मेंदू तपासले. जागांची आणि वाटांची स्मृती राखण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. या भागाची मागची बाजू चालकांमध्ये इतरांपेक्षा मोठी आढळली.

चिकित्सक वाचक येथे लगेच शंका काढील. ज्यांचा हा भाग जन्मतःच मोठा, तेच टॅक्सीचालक होत असतील, तर? शंका अगदी रास्त आहे. म्हणूनच पुढे कॅथरीन वूलेट आणि मॅग्वायर यांनी ७९ उमेदवारांची तपासणी शिक्षणाच्या आरंभी केली आणि काही वर्षांनी ती पुन्हा केली. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. आरंभी या उमेदवारांच्या मेंदूंत लक्षणीय फरक नव्हता. नंतर मात्र जे ३९ उमेदवार परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागातील करडे द्रव्य वाढलेले दिसले. जे उत्तीर्ण झाले नाहीत, त्यांच्यात तशी वाढ आढळली नाही. म्हणजे आधी अभ्यास आणि मग मेंदूतील बदल, असा हा क्रम होता.

आणखी एक प्रयोग जर्मनीत झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. तीन चेंडू हवेत उडवून झेलत राहण्याची कला काही प्रौढ व्यक्तींना तीन महिने शिकवण्यात आली. हालत्या वस्तूंचे आकलन करणाऱ्या मेंदूच्या भागात या काळात वाढ दिसली. त्यांनी सराव थांबवला, तेव्हा पुढच्या तीन महिन्यांत ही वाढ बरीचशी ओसरली. शिकताना चेतापेशींमधील जोडण्या बळकट होतात, आणि न वापरलेल्या क्षीण होतात. मग घडा पालथा कसा म्हणावा? तो तर अजून चाकावर आहे, माती ओली आहे.

पण यावरून भलताच अर्थ काढू नये. “मला येईल” असे नुसते घोकल्याने काही येत नाही. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. प्रयत्नाने बुद्धीचा विकास होतो, ही गोष्ट मुलांना तासाभराहूनही कमी वेळात समजावून देण्यात आली. अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या श्रेणीत त्यामुळे सुधारणा झाली, पण ती थोडीच होती. पुढे असेही दिसून आले की, जेथे शिक्षकांचाही या विचारावर विश्वास होता, तेथेच गणितात याचा उपयोग झाला. बी चांगले असले, तरी जमीनही तशीच हवी.

प्रत्येकजण रामानुजन होईल, असेही मी म्हणत नाही. माणसामाणसांत फरक असतातच. लंडनमधील त्या उमेदवारांपैकी निम्मे उत्तीर्ण झाले नाहीत, हेही विसरून चालणार नाही. परंतु आपली सीमा कोठे आहे, हे प्रयत्नापूर्वी कोणालाही सांगता येत नाही. आणि चौदाव्या वर्षी तर नाहीच नाही.

विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. ‘मला जमत नाही’ म्हणून आज गणित सोडले, उद्या इंग्रजी सोडले, परवा पोहणे आणि चारचौघांत बोलणेही सोडले, तर आयुष्याच्या घरातील एकेक खोली आपणच कुलूपबंद करत जातो. पुढे उरलेल्या एका खोलीत राहायचे आणि घर लहान आहे म्हणून कुरकुरायचे, असे होते. ‘येत नाही’ याऐवजी ‘अजून येत नाही’ असे म्हणून पाहा. मग पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: नेमके कोठे अडते? अपूर्णांकांत, की चिन्हांत? एक रीत फसली, तर दुसरी कोणती? कोणाला विचारता येईल?

शिक्षकांनाही एक विनंती. चुकलेल्या उत्तरावर नुसती लाल फुली मारून थांबू नये. कोणत्या पायरीवर वाट चुकली, तेथे खूण करावी आणि तेच उदाहरण पुन्हा सोडवण्याची संधी द्यावी. प्रयोगशाळेत अपेक्षेबाहेरचे वाचन आले, तर आपण उपकरण फेकून देत नाही, मांडणी तपासतो. मुलाच्या बाबतीत निदान तेवढा धीर तरी हवा.

तेव्हा प्रत्येकाने एक प्रयोग करून पाहावा. आपल्याला ‘येत नाही’ अशी एकच गोष्ट निवडावी. तीन महिने रोज अर्धा तास तिला द्यावा. काय केले, कोठे अडले आणि काय सुटले, हे तारीखवार वहीत लिहावे. तीन महिन्यांनी पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून पाहावे. फरक थोडा पडेल, की पुष्कळ, हे आताच कोणी सांगू नये. निष्कर्ष आधी लिहून मग प्रयोग करणे, ही काही विज्ञानाची रीत नव्हे.