छायाचित्रकारांची नजर आता स्वयंपाकघराकडे

गणेशचतुर्थी आली की वर्तमानपत्रांतून आपली छायाचित्रे झळकतात. मखर, मिरवणूक, समुद्रकाठचे विसर्जन, नऊवारी नेसलेल्या मुली. सण संपला की मराठी माणूस वर्षभर छायाचित्रांतून नाहीसा होतो. तो कामावर डब्यात काय नेतो, घरची आजी रुगाय कशी परतते आणि तिच्या शेजारी पुरणाचे पातेले कधी चढते, हे कोणी टिपत नाही. जगात मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ छायाचित्रकारांचा कॅमेरा उत्सवाकडून रोजच्या ताटाकडे वळलेला दिसतो. या बदलाकडे आपण जरा लक्ष देऊन पाहिले पाहिजे.

या विषयातले सर्वांत गाजलेले काम अमेरिकन छायाचित्रकार पीटर मेन्झेल आणि लेखिका फेथ द'अलुइसिओ यांचे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'हंग्री प्लॅनेट' या पुस्तकासाठी ते २४ देशांतील ३० कुटुंबांकडे गेले. प्रत्येक घरी एकच पद्धत: आठवड्याभराचे सारे अन्न समोर मांडायचे, मागे घरची माणसे बसवायची आणि खाली खर्चाचा आकडा द्यायचा. जर्मनीतील कुटुंबाचा आठवड्याचा खर्च सुमारे ५०० डॉलर, उज्जैनच्या कुटुंबाचा सुमारे ३९ डॉलर आणि चाडमधील निर्वासितांच्या छावणीत राहणाऱ्या, दारफूरहून आलेल्या सहा जणांच्या कुटुंबाचा १ डॉलर २३ सेंट!

ही चित्रे पाहून मन सुन्न होते, यात शंका नाही. पण थोडे थांबून विचार करावा. छावणीतल्या त्या माउलीला मदतीचे धान्य मिळत होते आणि तिचे पोट मुख्यतः त्यावरच चालत होते. त्याची किंमत त्या १ डॉलर २३ सेंटांत धरलेली नाही. तेवढे पैसे तिने बाजारात खर्च केले, इतकाच त्याचा अर्थ. पुस्तकात हा खुलासा आहे. तरी चित्र हातोहात फिरताना खुलासा मागे पडतो आणि आकडा तेवढा पुढे जातो. शिवाय मांडून ठेवलेले अन्न म्हणजे जेवण नव्हे. कोण आधी जेवते, कोण उरलेसुरले खाते, हे त्या चित्रात येत नाही. आपल्या आज्या सर्वांच्या शेवटी जेवत, हे सांगणारे छायाचित्र कोणत्या घरी आहे?

म्हणून महाराष्ट्रातील दोन कामे मला अधिक मोलाची वाटतात. पहिले सुधारक ओलवे यांचे. अकोल्याकडचे ओलवे मुंबईच्या वृत्तपत्रांत छायाचित्रकार होते. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमागे ते वर्षानुवर्षे फिरले. गटारात उतरलेला माणूस त्यांनी दाखवला आणि त्याचे घर, त्याची बायकामुलेही दाखवली. ज्यांच्यामुळे शहर स्वच्छ राहते त्यांच्याकडे शहर पाहत नाही, ही गोष्ट त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांनी लोकांपुढे आणली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरे काम पुण्याच्या राज्यश्री गुडी यांचे. त्यांनी स्वतः कॅमेरा घेऊन परक्याच्या घरी जाण्याऐवजी दलित कुटुंबाच्या जुन्या अल्बममधली, एकत्र जेवताना-खाताना काढलेली चित्रे गोळा केली. ज्यांच्या अन्नावर समाजाने शतकानुशतके बंधने घातली, त्यांचे हसतखेळत जेवण हीच तिथे बातमी आहे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाविषयी लेखणीने जे केले, त्याच्या जवळचेच हे काम होय.

आता आपल्या बेटाकडे वळू. आपल्या पूर्वजांची पहिली छायाचित्रे कोणी काढली? सरकारने! १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे झाले. परवाना नसला की पोलीस धरीत. या जाचाविरुद्ध १८७१ साली द प्लेव्हित्झ यांनी ९,४०१ मजुरांचा अर्ज गव्हर्नरांपुढे ठेवला होता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ते जुने दप्तर आणि ती चित्रे जपून ठेवली आहेत. बाजूला अंक, समोर रोखलेले डोळे. तो माणूस रत्नागिरीकडचा होता की सावंतवाडीचा, संध्याकाळी घरी जाऊन काय खात होता, हे त्या चित्राला विचारून उपयोग नाही. आज आपण त्याच चित्रांत आपला आजा-पणजा शोधतो, कारण आपल्यापाशी दुसरे काही नाही.

याचा व्यवहारातही फटका बसतो. आपल्या भोजपुरी बांधवांच्या गीत-गवाईला २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अशा अर्जासोबत दहा छायाचित्रे आणि एक चित्रफीत द्यावी लागते. उद्या झाकरीसाठी अर्ज करायचे ठरले तर व्यासपीठावरची, एकसारख्या पोशाखातली चित्रे हवी तेवढी मिळतील. अंगणात, शेजारपाजाऱ्यांत, घामाघूम होऊन नाचणाऱ्यांची दहा चित्रे मिळतील काय? विझवलेल्या चुलीची, दाल-पुरी लाटणाऱ्या हातांची, उसाच्या मळ्यातल्या डब्याची?

आता घरोघरी फोनमध्ये कॅमेरा आहे, तेव्हा साधनाची सबब चालणार नाही. अडचण निराळी आहे. फोनमधली चित्रे फोनबरोबर जातात आणि राहिली तरी त्यांत कोण आहे हे दहा वर्षांनी कोणाला सांगता येत नाही. आपल्या मंडळांनी प्रत्येक गावातून थोडी निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि मागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्यात: नाव, गाव, साल आणि ताटात काय होते ते. ज्यांचे चित्र काढायचे त्यांची परवानगी आधी घ्यावी. परवान्यावरच्या त्या माणसाला ती कोणी विचारली नव्हती.