विषय मंजूर, बिल तुमचं

महापालिका म्हटलं की आपल्याला खड्डा आठवतो, कचऱ्याची गाडी आठवते, फार तर निवडणुकीतली रिक्षावरची गाणी. पालिकेची सभा मात्र सहसा कुणाला आठवत नाही. टीव्हीवर ती दिसते तेव्हा कुणीतरी राजदंड पळवलेला असतो किंवा रिकामे हंडे घेऊन नगरसेवक सभागृहात बसलेले असतात. ज्या दिवशी असं काही घडत नाही, त्या दिवशी बातमीही येत नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी ‘विषय क्रमांक अमुक, मंजूर’ असं म्हणत आपल्या घराशी संबंधित डझनभर निर्णय पुढे सरकतात.

वाचकहो, आज अशाच एका निर्णयाची गोष्ट सांगते. पुण्यातली आहे, पण घरपट्टी भरणाऱ्या कुणालाही कळेल अशी.

१९७० साली पुणे महापालिकेच्या मुख्य सभेत एक ठराव झाला. (मुंबई-ठाण्याकडे जिला महासभा म्हणतात, तिला पुण्यात मुख्य सभा म्हणतात.) ठराव असा, की जो मालक स्वतःच्याच घरात राहतो, त्याच्या घराचं वार्षिक भाडेमूल्य धरताना ४० टक्के कमी धरायचं. शिवाय देखभाल-दुरुस्तीपोटी १० ऐवजी १५ टक्के वजावट द्यायची. तुम्ही घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती भाडं आलं असतं, याचा पालिकेने बांधलेला अंदाज म्हणजे हे भाडेमूल्य. घरपट्टी त्यावर बसते. आता जो माणूस घर भाड्याने देतच नाही, त्याच्याकडून पूर्ण भाड्याच्या हिशेबाने कर का घ्यायचा, असा साधा विचार त्यामागे होता.

फरक किती पडतो ते सोप्या आकड्यांत पाहू. आकडे माझ्या मनचे आहेत, हिशेब समजावा म्हणून घेतलेले. समजा भाडेमूल्य ठरलं ५०,००० रुपये. सवलत नसेल तर दुरुस्तीचे १० टक्के वजा जाऊन कर बसतो ४५,००० वर. सवलत असेल तर ५०,००० चे आधी होतात ३०,००० आणि मग १० टक्के वजा जाऊन २७,०००. घर तेच आणि माणसंही तीच, पण कर ज्यावर बसतो तो आकडा ४० टक्क्यांनी खाली येतो.

हा ठराव पुढे जवळजवळ पन्नास वर्षं चालला. दोन पिढ्यांनी ती सवलत घेतली, आणि बहुतेकांना आपण सवलत घेतोय हेही माहीत नव्हतं. बिलावर आकडा यायचा, लोक भरायचे.

मग लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला. अशी ४० टक्के सूट द्यायला कायद्यात तरतूद कुठे आहे? दुरुस्तीची वजावट कायद्यात १० टक्के असताना तुम्ही १५ कशी देता? प्रश्न कागदावर बरोबरच होता. प्रकरण राज्य सरकारकडे गेलं आणि २०१९ मध्ये सरकारने ती सवलत बंद केली. पालिकेचा ठराव कायद्याला धरून नाही असं वाटलं, तर तो रद्द करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहेच. सरकारी मराठीत त्याला ठराव ‘विखंडित’ करणं म्हणतात. शब्द ऐकताना मूर्तीभंजन वाटतं, पण असतं ते एक पत्र.

त्यानंतर पुण्यात चमत्कारिक चित्र दिसू लागलं. जुन्या इमारतीतल्या काकांना सवलत चालू, आणि शेजारच्या नव्या इमारतीत कर्ज काढून आलेल्या जोडप्याला पूर्ण आकारणी. घरोघरी पाहणी झाली, त्यात काही जुन्या घरांचीही सवलत गेली. फेब्रुवारी २०२३ च्या कसबा पेठ पोटनिवडणुकीत हा प्रचाराचा विषय झाला. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत पुन्हा लागू केली. दुरुस्तीची वजावट मात्र १५ वरून १० वर आणली. ज्यांच्याकडून जादा कर घेतला गेला होता, त्यांची रक्कम पुढच्या बिलांमधून वळती करायचं ठरलं.

पण त्यासाठी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरायचा होता. आपण याच घरात राहतो याचा पुरावा जोडायचा, २५ रुपये शुल्क भरायचं. पुणेकरांनी रांगा लावल्या. म्हणजे १९७० च्या एका ठरावापायी २०२३ मध्ये लोक सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं पुस्तक शोधत कपाटं उपसत होते.

या सगळ्यात मला सर्वांत बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. २०२३ मध्ये सवलत परत आली, तेव्हा पुण्यात मुख्य सभाच नव्हती. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि निवडणूक लांबली होती. मुंबईचंही तेच. आयुक्त हेच प्रशासक. प्रशासनाने प्रस्ताव आणायचा, स्थायी समिती म्हणून आयुक्तांनीच तो मंजूर करायचा, मुख्य सभा म्हणूनही त्यांनीच. एकाच माणसाच्या तीन सह्या. कामं झाली नाहीत असं कुणी म्हणणार नाही. कदाचित झटपटही झाली असतील. पण ‘थांबा, हे कशासाठी?’ असं विचारणारं समोर कुणी नव्हतं, आणि शहराने ते जवळजवळ चार वर्षं चालवून घेतलं. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना हे परकं वाटू नये. बडोद्यातल्या मंडळींकडे जो पालिकेचा कायदा आहे, त्याचं मूळ मुंबई राज्याच्या काळातल्या १९४९ च्या कायद्यातच आहे, म्हणून तिथेही स्थायी समिती आहे. इंदूरकर महापौर थेट मतदानाने निवडतात आणि त्यांच्याकडे महापौर परिषद असते. बेंगळुरूत राहणाऱ्यांनी तर आमच्यावर कडी केली. तिथल्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि २०२५ मध्ये शहराच्या पाच महापालिका होईपर्यंत निवडणूक झालीच नाही.

तर आता सभागृहं पुन्हा भरली आहेत. तिथे काय चालतं ते कळायला दोन-चार शब्द पुरतात. सभेपुढे येणाऱ्या विषयांची यादी म्हणजे कार्यपत्रिका. काही शहरांत विषयपत्रिका म्हणतात. त्यात रस्त्याला नाव देण्यापासून पाण्याच्या टाकीच्या जागेपर्यंत सगळं एका रांगेत असतं. पैशांचे बहुतेक विषय आधी स्थायी समितीत जातात. महाराष्ट्रात मुंबई सोडून इतर महापालिकांत तिचे १६ सदस्य असतात. सोळा माणसं, आणि शहरभरची कंत्राटं! तिथली खुर्ची मिळावी म्हणून एवढी धडपड का, ते यावरून समजावं.

एक शब्द मात्र पाठ करून ठेवा: वर्गीकरण. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. कधी ते गरजेचंच असतं. पावसात पूल खचला तर पैसे कुठून तरी आणायला हवेत. पण तुमच्या गल्लीतल्या ड्रेनेजच्या लाइनसाठी ठेवलेले पैसे चौकातल्या सुशोभीकरणाकडे गेले, तर तेही याच शब्दाखाली जातात, एका ओळीत, आणि पानावर ती ओळ अगदी निरुपद्रवी दिसते. अंदाजपत्रकाच्या दिवशी वर्तमानपत्रं पानं भरून आकडे छापतात. वर्षभर होणारी वर्गीकरणं वाचली तर शहर खरं कुठे चाललंय ते जास्त कळतं, असं माझं मत आहे. दुसरा शब्द ‘आयत्या वेळचे विषय’. यादीत नसलेला विषय शेवटी पुढे येतो, तेव्हा निम्मं सभागृह घड्याळाकडे पाहत असतं.

आणि एक तारीख: २० फेब्रुवारी. पुण्याला लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यानुसार पुढच्या वर्षाच्या करांचे दर या तारखेपर्यंत मुख्य सभेने ठरवायचे असतात. बिल आपल्या हातात येतं एप्रिल-मेमध्ये. आपण तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रागावतो, लाल चेहऱ्याच्या इमोजी टाकतो. भांडायचा महिना तोवर उलटून गेलेला असतो. नगरसेवकाला गाठायचं तर जानेवारीत, दर सुचवले जात असताना गाठावं.

कोणत्या नगरसेवकाला, हाही प्रश्नच आहे म्हणा. पुण्यात १६५ नगरसेवक आहेत आणि प्रभाग बहुतेक चार-चार सदस्यांचे. मतदान केंद्रावर बहुतेकांनी चार बटणं दाबली. त्यामुळे नळाला पाणी आलं नाही की पहिला सांगतो दुसऱ्याला विचारा, दुसरा सांगतो तिसऱ्याला. माझा सल्ला असा, की चौघांनाही एकाच मेसेजमध्ये लिहावं आणि विषय क्रमांक घालून लिहावं. ‘घरपट्टीचं काहीतरी करा’ या वाक्याला उत्तर येत नाही. ‘अमुक तारखेच्या सभेतल्या अमुक क्रमांकाच्या विषयावर तुम्ही काय भूमिका घेतली?’ याला येतं. निदान निळी टिक तरी लगेच येते.