व्हेंडरचं पेरोल सोडताय? थेट ‘डायरेक्टर’ व्हायची घाई नको

काम पुण्याच्या कंपनीचं, लॅपटॉप अमरावतीच्या घरात आणि पगार येतो तिसऱ्याच एजन्सीकडून. कोरोनानंतर अमरावती-अकोल्यात हे चित्र नवं राहिलेलं नाही. आयटीत याला ‘थर्ड पार्टी पेरोल’ म्हणतात. वऱ्हाडात सांगायचं तर हा बाजार समितीतला अडत्याच. माल तुमचा, खरेदीदार दुसरा आणि मधली अडत त्याची.

एक दिवस कळतं की क्लायंट आपल्यासाठी महिन्याला १ लाख मोजतो आणि आपलं सीटीसी मात्र ८० हजारांचं आहे. (आकडे समजण्यापुरते.) मग वाटतं, मधला माणूस काढू आणि स्वतःची कंपनी टाकू. घरबसल्या कंपनी रजिस्टर करून देणाऱ्यांच्या जाहिराती रील्समध्ये फिरतच असतात. माझं मत स्पष्ट आहे. पेरोल सोडणं अनेकांसाठी योग्य ठरेल, पण त्यासाठी कंपनी काढणं बहुतेकांना परवडणार नाही. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि जाहिराती ते मुद्दाम एक करून टाकतात.

टॅक्स खरंच वाचतो का?

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. पगारदारांसाठी ७५ हजारांची वजावट धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजार होते. म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार घेणाऱ्याचा कर आजही शून्यच आहे. वाचवायचं काय?

आता तेच १२ लाख कंपनीच्या खात्यात आले असं समजा. डायरेक्टर म्हणून स्वतःला पगार देता येतो, पण जो नफा कंपनीत उरेल त्यावर पहिल्या रुपयापासून कर लागतो. सवलतीचा २२ टक्क्यांचा दर निवडला तरी अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्क्यांवर जातो. उरलेला पैसा लाभांश म्हणून काढला की तो पुन्हा तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो.

त्याऐवजी स्वतःच्याच नावाने, स्वतःच्या पॅनवर बिल दिलं तर? इंजिनीअरिंग, तांत्रिक सल्ला, आयटी अशा ठरावीक व्यवसायांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. मर्यादा ५० लाखांची, रोख व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. सीए मंडळी याला ‘४४एडीए’ म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलमाचा आकडा बदलला, सोय तीच आहे. ती कंपनीला मिळत नाही, एलएलपीलाही नाही. कॉल सेंटर किंवा डेटा एन्ट्रीचं काम त्या यादीत बसेलच असं नाही, ते आधी विचारून घ्या.

वर्षाची जमा २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीही लागत नाही. एक चिमटा मात्र बसतो. क्लायंट फी देताना १० टक्के टीडीएस कापतो, तांत्रिक सेवा असेल तर २ टक्के. १२ लाखांवर १ लाख २० हजार रुपये रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकून पडतात.

एकट्याची कंपनी, खर्च पूर्ण

२०१३ च्या कंपनी कायद्याने एकाच माणसाची कंपनी, म्हणजे ओपीसी, काढायची सोय दिली. १ एप्रिल २०२१ पासून तिच्यावरची भांडवल आणि उलाढालीची मर्यादाही उठली. पण उलाढाल कितीही असो, ऑडिट सक्तीचं. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरायचं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म वर्षभर राहिले की ७३ हजार झाले. कंपनी बंद करायच्या अर्जाची सरकारी फीच १० हजार, सीएची वेगळी. ‘काऊन बे, डायरेक्टर झाला काय?’ हे ऐकायला बरं वाटतं, तेवढंच.

अडत्या काय देत होता?

हे कुणी मोजत नाही. पीएफमध्ये कंपनीचा वाटा, मेडिक्लेम, भरपगारी सुट्ट्या. पीएफ पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. सात-आठ वर्षं भरून झाली असतील तर सोडण्याआधी दोनदा विचार करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते. बँकेचं वेगळंच. अकोल्यात फ्लॅट घ्यायचा असेल तर पगाराची स्लिप चालते. व्यावसायिकाला मागच्या वर्षांची रिटर्न्स मागतात, आणि त्यात १२ लाखांचे तुम्ही ६ लाखच दाखवलेले असतात. (जास्त दाखवायची मुभा आहे, पण ती किती जण वापरतात?) म्हणून सीटीसीपेक्षा निदान २५-३० टक्के जास्त दर मिळत नसेल तर सोडण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं.

ब्रिटनमध्ये अशा मधल्या एजन्सीला ‘अम्ब्रेला कंपनी’ म्हणतात. स्वतःची कंपनी काढून नोकरासारखंच काम करणाऱ्यांसाठी तिथे २००० साली ‘आयआर ३५’ हा नियम आला. एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रात कोण खरा कॉन्ट्रॅक्टर हे ठरवायची जबाबदारी मोठ्या आणि मध्यम क्लायंटवर गेली आणि अनेकांना पुन्हा छत्रीखाली जावं लागलं. आपल्याकडे असा स्वतंत्र नियम नाही. पण क्लायंट एकच, वेळ ठरलेली, रजेला मॅनेजरची परवानगी असेल, तर करारात ‘कन्सल्टंट’ लिहिलं तरी आयकर खातं त्या फीला पगार म्हणू शकतं.

बॅचमधले दोघं-तिघं मिळून काम घेणार असाल, स्वतःचं प्रॉडक्ट असेल किंवा क्लायंट व्यक्तीच्या नावाने बिल घेतच नसेल, तर कंपनी जरूर काढा. एकट्याने सुरुवात करणार असाल तर आधी ‘उद्यम’ नोंदणी करा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर क्लायंटला ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने.

आणि राजीनामा टाकण्याआधी ऑफर लेटर बाहेर काढा. ‘क्लायंटकडे थेट काम करणार नाही’ असं कलम त्यात असू शकतं. नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. खरी अडचण व्हेंडर आणि क्लायंटमधल्या करारात असते. तो तुम्हाला कुणी दाखवत नाही, म्हणून क्लायंटच्या एचआरला आधीच विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.