सोडत नको, राखीव जागा हव्यात!



दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने एक संगीत प्रयोग बसवला. तालमी वस्तीतल्या समाजमंदिरात झाल्या. ढोलकी एकाची, हार्मोनियम दुसऱ्याची, कोरसला वस्तीतल्याच बाया आणि पोरी. पहिले प्रयोग तिथेच झाले. तिकीट नव्हतं. शेवटी झोळी फिरायची, ज्याला जे जमेल ते तो टाकायचा. प्रयोग गाजला आणि शहरातल्या मोठ्या, वातानुकूलित नाट्यगृहात तो करण्याचं बोलणं आलं. आम्ही हुरळून गेलो. भाडं, ध्वनी, प्रकाश, जाहिरात असा हिशेब मांडला आणि तिकीट ठरलं ५०० रुपये.

कोरसमधल्या एका मावशीने तिच्या घरच्यांसाठी तीन तिकिटं मागितली. आम्ही भाव सांगितला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दीड हजार? मग राहू द्या लेकरांनो, आम्ही पाहिलंय की." त्या रात्री मंचावर ती होती, पण तिच्या घरचं कुणीही समोर नव्हतं. टाळ्या जोरात वाजल्या. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. वस्तीत मात्र कुणी त्या प्रयोगाबद्दल विचारलं नाही.

यात दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता, आमचाच होता. तेव्हापासून आम्ही एकाच प्रश्नावर वाद घालतो आहोत. आपली कला छोट्या जागेतून मोठ्या जागेत जाते तेव्हा तिकिटाचा भाव कुणी, कशावरून ठरवायचा? वरवर हा प्रश्न हिशेबाच्या वहीतला वाटतो. आमचं म्हणणं आहे की तो प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे.

हा पेच फक्त आपल्यापुढे उभा आहे असं नाही. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तो गेली पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा उभा राहतो आहे, आणि तिथे त्यावर निरनिराळी उत्तरं करून पाहिली गेली आहेत. ती तपासून पाहणं आपल्या कामाचं आहे.

तिथली रचना थोडक्यात अशी. ब्रॉडवे म्हणजे मोठी, व्यापारी नाट्यगृहं. त्याखालोखाल ऑफ-ब्रॉडवेची लहान नाट्यगृहं, त्यातली बरीच देणग्या आणि अनुदानांवर चालणारी, ना-नफा तत्त्वावरची. नवं, धाडसी संगीत नाटक बहुतेकदा या लहान जागेत जन्मतं. ते गाजलं की गुंतवणूकदार पैसा ओततात आणि ते ब्रॉडवेवर जातं. तिथे गेल्यावर आधी गुंतवणूकदारांचा पैसा वसूल करायचा, मग नफा. तिकिटाचा भाव या वसुलीतून ठरतो. नाटक कुणाबद्दल आहे याच्याशी त्या भावाचा काहीही संबंध उरत नाही.

१९९६ चं 'रेंट' घ्या. नावाचाच अर्थ भाडं. ईस्ट व्हिलेजमधले भाडं भरू न शकणारे कलावंत, एड्सने मरणारी तरुण माणसं, काळी, गोरी, लॅटिनो, समलिंगी, बेघर, अशांची ही गोष्ट. लिहिणारा जोनाथन लार्सन स्वतः वर्षानुवर्षं हॉटेलात वेटरचं काम करत होता. त्याच भागातल्या न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉप या दोनशेच्या आत खुर्च्या असलेल्या नाट्यगृहात नाटक उभं राहिलं. पहिल्या खेळाच्या आदल्या रात्री लार्सन वारला. काही आठवड्यांतच नाटक ब्रॉडवेच्या नेडरलँडर नाट्यगृहात गेलं. तिथे खुर्च्या १,२०० च्या आसपास.

भाडं भरू न शकणाऱ्यांची गोष्ट त्यांनाच परवडू नये, ही विसंगती निर्मात्यांनाही खुपली. त्यांनी पहिल्या दोन रांगा २० डॉलरला ठेवल्या. तिकिटं खेळाच्या दिवशीच विकायची. मागचा कोपरा न देता पुढच्या रांगा दिल्या, हे विशेष. या तिकिटांसाठी तरुण पोरं रात्रभर फुटपाथवर झोपू लागली. मग रांगेऐवजी सोडत सुरू झाली. नाव टाका, चिठ्ठी निघाली तर आत जा. आज ब्रॉडवेवर अनेक नाटकांची अशी सोडत असते, तिचं मूळ इथे आहे.

आता 'हॅमिल्टन' पाहू. २०१५ च्या सुरुवातीला ते पब्लिक थिएटरच्या २९९ खुर्च्यांच्या न्यूमन नाट्यगृहात झालं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रॉडवेच्या रिचर्ड रॉजर्स नाट्यगृहात गेलं. तिथे १,३०० हून थोड्या अधिक खुर्च्या आहेत. अलेक्झांडर हॅमिल्टन हा अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्याच जुन्या रूपात, किंग्ज कॉलेजात, तो शिकला होता. लिन-मॅन्युएल मिरांडाने त्याची गोष्ट रॅपमध्ये लिहिली आणि अमेरिकेच्या गोऱ्या संस्थापकांच्या भूमिका काळ्या आणि लॅटिनो कलावंतांना दिल्या. नाटकात खऱ्या गुलामांना जागाच नाही, अशी टीकाही झाली. इश्माएल रीड या काळ्या लेखकाने तर त्यावर उलट नाटक लिहिलं. तो वाद मोठा आहे. आपण आज तिकीट खिडकीपाशीच थांबू.

२०१६ च्या जूनमध्ये या नाटकाच्या सर्वांत महाग तिकिटाचा भाव ८४९ डॉलर झाला. कारण असं दिलं गेलं की काळाबाजारवाले संगणकाच्या मदतीने तिकिटं उचलून अवाच्या सवा भावाने विकतात, तो पैसा नाटकवाल्यांनाच का मिळू नये? कारण खोटं नव्हतं. पण उपाय काय निघाला? काळाबाजार हटवण्यासाठी खिडकीवरच काळ्या बाजाराचा भाव लावला! त्याच वेळी सोडतीची १० डॉलरची तिकिटं २१ वरून ४६ केली. ऐकायला छान वाटतं. हिशेब करा: १,३०० मध्ये ४६, म्हणजे शंभरातल्या साडेतीन. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात किमान वेतन तासाला ९ डॉलर होतं. त्या वेतनावरच्या कामगाराला ते महाग तिकीट घ्यायचं तर ९४ तास राबावं लागलं असतं.

याचा परिणाम समोर कोण बसतं यावर होतो. त्या काळातल्या ब्रॉडवेच्या प्रेक्षकांत सुमारे तीन चतुर्थांश गोरे होते आणि त्यांचं कौटुंबिक उत्पन्न सरासरी वर्षाला २ लाख डॉलरच्या आसपास होतं. मंचावर काळी माणसं, खुर्चीत गोरी. आमच्या त्या रात्रीच्या नाट्यगृहाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

इथे आमचा मुद्दा येतो. सोडत म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. सोडतीत नशीब असतं, हक्क नसतो. म्हाडाच्या घराची चिठ्ठी थोड्यांनाच लागते आणि उरलेले "आपलं नशीब" म्हणून घरी जातात. सोडतीचा खरा उपयोग व्यवस्थेला होतो: शंभरातल्या साडेतीन खुर्च्या देऊन उरलेल्या साडेशहाण्णव खुर्च्यांचा भाव कुणी विचारत नाही. नशीब आणि दया, या दोन्हींवर आपल्या समाजाने शतकानुशतकं वाट पाहिली आहे. बाबासाहेबांनी आपल्याला राखीव जागा मिळवून दिल्या त्या घटनेत लिहून, कुणाच्या मेहेरबानीवर सोडून नाही.

त्याच 'हॅमिल्टन'च्या आणखी एका योजनेत हे तत्त्व थोडं दिसतं. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या सरकारी शाळांच्या २०,००० विद्यार्थ्यांसाठी १० डॉलरमध्ये खेळ ठेवले गेले. अख्खं नाट्यगृह विद्यार्थ्यांचं. नाटकाआधी त्यांच्यातलीच मुलं त्याच मंचावर स्वतः लिहिलेलं सादर करायची. इथे चिठ्ठी नव्हती, निकष होता. मुलं खुर्चीतही होती आणि मंचावरही होती. एवढंच की हे देणगीदाराच्या मर्जीवर उभं होतं. देणगी थांबली की दार बंद.

काही मित्र म्हणतील, पैशाची अडचण आणि जातीची बंदी एका तागडीत तोलू नका. बरोबर आहे, आम्ही तोलत नाही. महाडच्या तळ्यावर आपल्या माणसांनी जे सोसलं त्याची तुलना तिकिटाशी होणार नाही. पण महाडचा एक धडा इथे लागू आहे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्यासाठी ते खुलं नव्हतं. दार उघडं असल्याचा कागद आणि प्रत्यक्ष आत पडलेलं पाऊल यांत किती अंतर असतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? "नाट्यगृह सर्वांना खुलं आहे" हे वाक्य आपणच आपल्या माणसांना ऐकवू लागलो तर काय म्हणायचं?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मग काय सगळं फुकट करायचं? कलावंतांनी उपाशी राहायचं? मुळीच नाही. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांपर्यंत आपल्या शाहिरांनी समाज जागा केला. आणि चळवळीचं गाणं म्हणून गायकाला बिदागी न देण्याची वाईट खोड आपल्यात आहे. ती मोडलीच पाहिजे. मोठ्या नाट्यगृहाचा खर्च खरा असतो आणि तो भरून निघालाच पाहिजे. प्रश्न फक्त एवढाच की तो कुणाकडून भरून काढायचा.

इथे पब्लिक थिएटरच्याच जोसेफ पॅपची गोष्ट सांगायला हवी. ब्रुकलिनमधल्या गरीब ज्यू स्थलांतरितांचा हा मुलगा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअर फुकट दाखवायचा. १९५९ मध्ये शहराच्या उद्यानांचा सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस याने सांगितलं, तिकीट लावा, प्रेक्षकांच्या पायांनी गवत खराब होतं, त्याचा खर्च भरा. पॅप झुकला नाही. तो कोर्टात गेला आणि जिंकला. तिथले प्रयोग आजही फुकट असतात.

पण हाच पॅप १९७५ मध्ये 'अ कोरस लाइन' हे संगीत नाटक न्यूमन नाट्यगृहातून ब्रॉडवेवर घेऊन गेला. पुढे 'हॅमिल्टन' जन्मलं ते हेच नाट्यगृह. 'अ कोरस लाइन' पंधरा वर्षं चाललं. त्याच्या महाग तिकिटांतून आलेल्या पैशावर पब्लिक थिएटर वर्षानुवर्षं तगलं. म्हणजे महाग तिकीट हे स्वतःच पाप नाही. तो पैसा परत कुठे जातो, यावर सगळं ठरतं.

याच नाटकाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ते उभं राहिलं कोरसमध्ये नाचणाऱ्या खऱ्या नर्तकांच्या आयुष्यांवर. त्यांनी आपल्या गोष्टी ध्वनिफितीवर सांगितल्या आणि एका डॉलरला हक्क लिहून दिले. नंतर दिग्दर्शक मायकेल बेनेटने आपल्या उत्पन्नातला छोटा वाटा त्यांना दिला. चाळीस वर्षांनी 'हॅमिल्टन'च्या मूळ कलावंतांनी मात्र वाट पाहिली नाही. त्यांनी नफ्यात वाटा मागितला आणि २०१६ मध्ये मिळवला.

आपल्याकडेही हे प्रसंग येत राहणार आहेत. संभाजी भगत यांच्या संकल्पनेतलं, राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' जालन्याकडच्या कलावंतांनी शहरांतल्या नाट्यगृहांत गाजवलं. आज कितीतरी तरुण रॅप, जलसा, संगीत नाटक करत आहेत. उद्या त्यांना मोठा मंच मिळेल, मिळायलाच हवा. म्हणून आमचे प्रस्ताव आजच मांडतो.

पहिला, मोठ्या नाट्यगृहाचा किंवा निर्मात्याचा करार करतानाच किमान पाव खुर्च्या वस्तीच्या भावात राखीव ठेवण्याचं कलम लिहून घ्या. हे परवडतं. ८०० खुर्च्या ५०० रुपयांनी विकल्या तर ४ लाख येतात. २०० खुर्च्या १०० रुपयांना ठेवून उरलेल्या ६०० खुर्च्या ६३५ रुपयांना विकल्या, तर ४ लाख १ हजार येतात. ज्याला ५०० परवडतात त्याच्यावर १३५ रुपयांचा भार पडतो, आणि २०० माणसं आत येतात.

दुसरा, या खुर्च्या पुढच्या रांगांपासून सुरू व्हाव्यात. मागच्या बाकावर आपण पुरेसे बसलो आहोत.

तिसरा, वाटप ॲपवर किंवा चिठ्ठीवर नको. विहार, वसतिगृह, बचत गट, कामगार संघटना यांच्यामार्फत नावानिशी करा. काळाबाजारही तिथेच रोखला जातो.

चौथा, मोठ्या नाट्यगृहातल्या दर पाच प्रयोगांमागे एक प्रयोग वस्तीत झाला पाहिजे, त्याच कलावंतांचा, त्याच ध्वनिव्यवस्थेसह, आणि कलावंतांना पूर्ण मानधन देऊन.

पाचवा, ज्यांच्या गोष्टींवर आणि गळ्यावर प्रयोग उभा आहे त्यांचा वाटा पहिल्या दिवशीच कागदावर लिहा. पुढच्या चांगुलपणावर सोडू नका.

आमचा पुढचा प्रयोग पुन्हा त्याच नाट्यगृहात करण्याचं ठरतं आहे. या वेळी करारात राखीव जागांचं कलम आहे. ते लिहून घ्यायला तीन बैठका लागल्या. मावशीच्या घरच्या तीन खुर्च्या दुसऱ्या रांगेत आहेत. तिला त्या फुकट देऊ केल्या तर ती नाही म्हणाली. तिने तीनशे रुपये मोजून दिले आणि पावती मागून घेतली.

जय भीम!