उजनी मायनसमध्ये आहे, बॉस!

थंडी सुरू झाली, की परदेशात सेटल झालेल्या दोस्तांचे फोटो यायला लागतात. डोंगरातलं गोठलेलं धरण, बर्फाला पाडलेलं भोक, बाजूला स्टूल टाकून बसलेले साहेब आणि हातात ट्राउट. सॉल्लिड जेलसी! पण खोदून विचारलं, तर कळतं की गळ टाकण्याआधी ही मंडळी बर्फाची जाडी मोजतात. माणूस चालायचा तर निदान 4 इंच पक्का, स्वच्छ बर्फ हवा, हा तिकडचा साधा हिशेब. त्यात धरण असेल तर आणखी भानगड. खालून पाणी सोडतात, पातळी उतरते आणि वरचा बर्फ आधाराविना पोकळ राहतो.

आपल्याकडे ट्राउट विसरा. तिला गार पाणी लागतं आणि आमच्या पंढरपुरात एप्रिलमध्ये नळालाच गरम पाणी येतं. पण तासाभराच्या ड्राइव्हवर उजनी आहे आणि उजनीत चिलापी आहे. मूळची आफ्रिकेची, 1952 मध्ये भारतात आलेली. पण हायवेवर भिगवणला गाडी थांबवून ताव मारणाऱ्या पुणेकरांना ती गावचीच वाटते. पंढरपूर म्हणजे तुळशीमाळ, त्यामुळे आजीसमोर 'मासा' हा शब्दसुद्धा चालत नाही. माझ्या मामेभावाचा गळ, दोरा आणि कणकेची डबी वर्षभर डिकीत लपलेली असते!

उजनीला बर्फ नाही, पण टक्के आहेत. पंढरपूरकर शेअर मार्केटपेक्षा जास्त हाच आकडा बघतात. गंमत अशी, की तो 'मायनस'मध्ये जातो. धरणात एकूण सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं साधारण साडेत्रेपन्न टीएमसी जिवंत साठा, बाकी सगळा मृत. टक्के मोजतात ते फक्त जिवंत साठ्याचे. म्हणजे शून्य टक्क्यांना धरण कोरडं नसतं, अर्ध्याहून जास्त पाणी तळाला असतंच. तेही उपसायला लागलं, की आकडा उणे. 2024 च्या उन्हाळ्यात तो उणे 60 च्या आसपास गेला होता.

गळवाल्यांना मायनस आवडतो. पाणी आटतं, मासा थोड्या जागेत गोळा होतो. पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं, फोटोही फुल्टू मिळतात. पण काठ मैलभर आत सरकलेला असतो आणि मधे असतो गाळ. वरून तडे गेलेला, वाळलेला, अगदी फुटपाथसारखा. आत मात्र मऊ. तिकडचा पातळ बर्फ तो हाच, फक्त रंग वेगळा. गुरांच्या आणि माणसांच्या रुळलेल्या वाटेनंच पाण्यापर्यंत जायचं. शॉर्टकट मारायचा नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उजनीचं पाणी इतकं ऐसपैस पसरलंय, की वळवाचा वारा सुटला तर अडवायला मधे काहीच नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळात उलटली. सात जणांतला एक पोहून काठाला लागला. सहा जण गेले. ती रोजची वाट होती, कुणी ॲडव्हेंचरला निघालं नव्हतं. त्यामुळे मे महिन्यात 'सनसेटला बोटीतून गळ टाकू' असा प्लॅन कुणी मांडला, तर मी सरळ नाही म्हणते. पहाटे जा, दुपारच्या आत परत या. लाइफ जॅकेट नसेल तर बोट नको, काठ बेस्ट.

पावसाळ्यात गणित उलटं. पुण्याकडे धो धो कोसळलं, की दौंडहून उजनीत किती येतंय हे आमच्याकडे चहाच्या टपरीवर पाठ असतं. धरण भरलं, की दरवाजे उघडतात आणि पंढरपुरात लख्ख ऊन असलं तरी चंद्रभागा चढते. वाळू उपशाचे खड्डे त्या गढूळ पाण्याखाली दिसत नाहीत. तेव्हा नदीत उभं राहून गळ टाकायचा विचारही नको.

राहिला प्रश्न आमिषाचा. चिलापीला कणीक चालते. गांडूळ मिळालं तर सोन्याहून पिवळं, फक्त डबी आजीच्या फ्रीजमध्ये ठेवू नका.