ऑनलाइन शिक्षणाचे चौथे अंग

'स्वयम्' हे केंद्र सरकारचे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये औपचारिकपणे सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमांना चार अंगे आहेत : चित्रफितींतील व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि चर्चा. पहिली तीन अंगे विद्यार्थी एकटा पार पाडू शकतो. चौथ्याला मात्र दुसरे माणूस लागते. म्हणूनच ऑनलाइन शिक्षणात ते सहज उपेक्षित राहते.

याची झळ कोणाला बसते? लग्नानंतर राहून गेलेली पदवी घरबसल्या पूर्ण करू पाहणारी सून, दुकान सांभाळून लेखाशास्त्र शिकणारा तरुण, यांच्या शेजारी बाकावर कोणीच नसते. एक संकल्पना अडली की पुढचे सारे अडते आणि 'विचारावे कोणाला' या संकोचात अभ्यासच सुटतो.

'चर्चा करा' असे सांगून चर्चा होत नाही; ती घडवावी लागते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी वर्गासाठी रूढ केलेला क्रम येथेही उपयोगी आहे. विद्यार्थ्याने प्रथम स्वतःचे उत्तर नोंदवावे, मग वेगळे उत्तर देणाऱ्या सोबत्याशी कारणांची देवाणघेवाण करावी आणि शेवटी पुन्हा उत्तर द्यावे. ज्याला गोष्ट नुकतीच उमगली, त्याला आपली अडचण ताजी आठवत असते. त्यामुळे तो ती सोबत्याला नेमकी समजावू शकतो.

प्रश्नही तसाच हवा. 'घसारा म्हणजे काय?' यावर चर्चा कसली होणार? 'दुकानातील फ्रीजवर दरवर्षी समान घसारा धरावा, की घटत्या मूल्यावर? का?' असे विचारले, तर प्रत्येकाला बाजू घ्यावी लागते. चार-पाच जणांचे गट करून, दर आठवड्याला एकाने प्रश्न मांडावा, दुसऱ्याने सारांश लिहावा. शिक्षकांनी उत्तराची घाई करू नये. आठवड्याअखेर मात्र निष्कर्ष अवश्य सांगावा. विचार एकत्र आणि लेखन स्वतंत्र, हा दंडक पाळला की सहकार्याची नक्कल होत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनीही एक करावे. सून वा मुलगा गटाशी बोलत असेल, तर तो अर्धा तास फोनवरच्या गप्पांत मोजू नये. तोच त्यांचा वर्ग आहे.